विशालाक्षीमावशीची सही

माझ्या मावशीचे यजमान चंद्रमौलीराव यांनी आयुष्यात एकही काम पंचांग न बघता केलं नाही, आणि एकही काम बायकोला विचारून केलं नाही. पहिल्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. दुसरी त्यांच्या कधी लक्षातच आली नव्हती.

मी तेव्हा कुंभकोणमला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मावशीकडे राहत होते. आमची घराणी कधी काळी तंजावरच्या राजांच्या मागोमाग इकडे आलेली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आमची मराठी ऐकली की पुण्याकडचे पाहुणे तोंडावर रुमाल धरतात. धरू देत. राजे गेले, दरबार गेला, आम्ही भाषा तरी ठेवली. काकांना गल्लीतले लोक ‘रायर’, म्हणजे रावसाहेब, म्हणत, आणि काका ते ऐकून दरवेळी थोडे ताठ होत.

विशालाक्षीमावशी बुटकी, गोल, कानात हिऱ्याच्या कुड्या आणि तोंडात कायम पानाचा विडा. भांडण तिला जमत नसे. काका काहीही म्हणाले की ती ‘सरी’ म्हणे. तमिळमध्ये सरी म्हणजे बरं. पण मावशीच्या ‘सरी’चे निदान दहा अर्थ होते आणि त्यांतले नऊ काकांना कळत नसत.

या मावशीच्या नावावर एक मोटर होती.

तिचे वडील एकोजीराव, माझ्या आईचे चुलते, तंजावरला वकील होते. एकुलत्या मुलीच्या लग्नात त्यांनी जावयाला अंगठी दिली आणि मुलीला मोटर दिली, तीही तिच्या नावावर नोंदवून. लोकांनी विचारलं, हे काय भलतंच? तर म्हणाले, “दागिने सासू काढून घेत्ये. मोटर अंगावरून उतरवून घेतां येत नाहीं.” नोंदणीचं पुस्तक मावशीच्या हातात ठेवून त्यांनी सांगितलं, “नांव तुझं तोंवर मोटर तुझी. सही कर म्हणून कोणी आलं तर आधीं जेव, मग नीज, मग विचार कर.”

मोटर हिरवी होती, म्हातारी झाली होती आणि चढावर खोकायची. पण आठवड्यातून एकदा मावशी भाड्याचा ड्रायव्हर बोलावायची आणि पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी बसायची. कुठेही जायची. तिरुभुवनमला साड्या बघायला, नाहीतर नुसतीच कावेरीच्या कडेकडेने. एकदा मला म्हणाली, “या घरांत मी वळ म्हटल्यावर वळणारी ही एकच वस्तु आहे, पंकजा.” हसत म्हणाली, पण मला ते हसू आवडलं नाही.

आता काकांकडे येते. काकांना भजनाचं वेड. मरुदानल्लूरच्या मठात जाऊन आले की आठ दिवस त्यांचे पाय जमिनीला लागत नसत. एका वर्षी तिथून परतले ते आपल्या भजनाला पंचधातूची राधाकृष्णाची जोडी हवी, असा ध्यास घेऊनच. स्वामीमलैला मूर्तिकाराला भेटले. त्याने विसार मागितला. काकांनी घरात चहूकडे नजर फिरवली. शेत विकावं तर भाऊबंद विचारणार, दागिने मोडावेत तर मावशी विचारणार. मोटर मात्र अंगणातल्या छपराखाली गप्प उभी होती. ती काही विचारणार नव्हती.

तमिळ पंचांगातला आनि महिना संपत आला होता. एका सकाळी काका म्हणाले, ड्रायव्हर तापाने पडलाय, आज बसनेच जा. आम्ही दोघी बसने तिरुभुवनमला गेलो, विणकरांच्या सोसायटीत दोन तास साड्या उलगडून बघितल्या, एकही न घेता परत आलो. बघते तर छपराखाली फक्त तेलाचे डाग. ओसरीवर काका, समोर तांबुलाचं ताट, आणि ताटासमोर स्वामीनाथ.

स्वामीनाथ विड्याच्या पानांचा व्यापारी. कुंभकोणमची पानं टोपल्यांतून कारैक्कालपर्यंत पोचवायचा. माणूस गोड, इतका गोड की त्याच्याशी बोलून झालं की पाण्याने चूळ भरावीशी वाटे.

“शुभमुहूर्त साधला!” काका म्हणाले. “तांबूल बदललं. झाला व्यवहार.”

आमच्याकडे सोयरीक ठरली की दोन्हीकडचे वडीलधारे विडा-सुपारीची ताटं बदलतात. ती बदलली की शब्द मोडायचा नाही. काकांनी मोटारीचं लग्न लावून टाकलं होतं. चाकांखाली लिंबंही फोडली होती. फक्त नोंदणीच्या पुस्तकावर नवं नाव चढवायचं राहिलं होतं, कारण पुस्तक मावशीच्या पेटीत होतं आणि पेटीची किल्ली मावशीच्या कमरेला.

मावशी उंबऱ्यातच उभी राहिली. एवढंच म्हणाली, “मला विचारलं कां नाहीं?”

काकांना प्रश्न कळला नाही. “देवाचं काम आहे,” ते म्हणाले. “त्यांत विचारायचं काय? तेवढी एक सही कर म्हणजे झालं.”

मावशीने स्वामीनाथकडे बघितलं, काकांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. “राहुकाळ लागला,” ती म्हणाली.

काकांनी दचकून पंचांग उघडलं. खरंच राहुकाळ लागला होता. राहुकाळात सही करायची म्हणजे देवाच्या कामाला अपशकुन. काकांनीच मान हलवली, आणि स्वामीनाथ मोटरची किल्ली घेऊन, सहीशिवाय, हसत निघून गेला.

त्या रात्री मी मावशीला म्हटलं, “नको म्हणून सांगून टाक ना सरळ.” ती म्हणाली, “मी नकों म्हटलेलं या घरांत कोणाला ऐकूं येत नाहीं. पंचांगाचं येतं.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर देत नाहीत, आणि मोटर ही लक्ष्मी नाही असं कोण म्हणेल? दरवर्षी आयुधपूजेला काकाच तिला हळदकुंकू लावत होते. शनिवारी अमावास्या. मग आडि लागला. आडि महिन्यात आमच्याकडे कोणी नवी चूलसुद्धा मांडत नाही, तर सही कुठली? मावशी पंचांग काकांच्या पुढ्यात ठेवायची आणि अगदी भाविक चेहरा करून विचारायची, “तुम्हीच सांगा, आज चालेल कां?” काका बोट फिरवत, ओठ चावत, आणि शेवटी म्हणत, “नाहीं चालायचं.” स्वतःच्याच हाताने स्वतःला बांधून घेणारा दुसरा माणूस मी बघितला नाही. मला तर हसू आवरेना. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबायची.

आडि संपला, आवणि आली. चांगला महिना. स्वामीनाथ नवी टोपली पानं घेऊन हजर. त्याच दिवशी तंजावरहून काकांच्या एका दूरच्या चुलत आजोबांच्या मृत्यूची वार्ता आली. त्यांना आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं. मावशी त्यांच्यासाठी इतकी कळवळून रडली, की काकाच म्हणाले, सुतक फिटू दे. सुतक फिटलं, पितृपक्ष आला. पितृपक्षात तर काका स्वतःच दाढीसुद्धा करत नसत.

एवढ्या दिवसांत मोटर स्वामीनाथ वापरत होता आणि नाव मावशीचं होतं. आपण किती हुशार, अशा खुशीत मावशी होती. मीही होते. मावशीच्या वडिलांच्या वाक्याचा न बोललेला अर्धा भाग आम्हा दोघींच्याही ध्यानात आला नव्हता. नाव आपलं तोवर मोटर आपली, हे खरं. पण मग मोटर जे काही करेल तेही आपलंच.

ते ध्यानात आणून दिलं सबइन्स्पेक्टर शेषाद्रींनी. पितृपक्षातच एका दुपारी ते दारात उभे राहिले. त्या काळी आमच्या राज्यात दारूबंदी होती आणि कारैक्काल अजून फ्रेंचांकडे होतं. म्हणजे इकडे थेंब मिळायचा नाही आणि तिकडे दुकानं भरलेली. स्वामीनाथ जाताना पानं न्यायचा. येताना टोपल्यांत वर ओली पानं असायची आणि खाली फ्रेंच ब्रँडी. नाक्यावर कोणा शिपायाला विडा खायची लहर आली. त्याने टोपलीत हात घातला, तो पान सोडून बाटलीवर पडला.

“ही मोटर विशालाक्षी अम्माळ यांची,” शेषाद्री म्हणाले. “अम्मा कुठे आहेत?”

काका पांढरेफटक पडले. “आम्ही विकली ती!”

“कागदावर नाही विकली, रायर. आणि स्वामीनाथ काय सांगतोय ठाऊक आहे? मोटर माझी नव्हे, रायरांच्या घरची. मी नुसता पानं घेऊन बसलो होतो. बाटल्या ज्यांची मोटर त्यांच्या.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. भजन करणाऱ्या घरात फ्रेंच ब्रँडी! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. समोरच्या अलमेलूमामींनी तर येऊन हळूच विचारलं, सर्दीवर थोडी मिळेल का म्हणून. त्यांनी थट्टा केली की खरंच मागितली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शेषाद्रींनी जाताना समजावून सांगितलं. मोटर जप्त झाली आहे. मालकीण जर म्हणाली की आपल्याला बाटल्यांची खबर नव्हती, आणि ते न्यायाधीशांना पटलं, तर मोटर परत मिळेल. नाही पटलं, तर मोटर जाईल आणि मालकिणीवर खटला उभा राहील.

त्या संध्याकाळी जेवणावर कोणाचं मन नव्हतं. काकांचा एक वकील मित्र आला आणि त्याने तोडगा काढला. मावशीने आता सही करायची, फक्त तारीख घालायची आनि महिन्यातली. म्हणजे मोटर तेव्हापासूनच स्वामीनाथची, बाटल्याही त्याच्याच, आणि रायरांचं घर गंगेसारखं स्वच्छ. मोटर सरकार घेईल, घेऊ दे.

“मागची तारीख,” मावशी म्हणाली. “आणि पंचांग?”

“आतां कसलं पंचांग!” काका ओरडले. पितृपक्षात, अष्टमीला, तिन्हीसांजेला, त्यांनी स्वतः दौत आणून तिच्यापुढे ठेवली.

मावशी दौतीकडे बघत बसली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. ती घाबरली होती, खरीखुरी घाबरली होती. पोलीस, कोर्ट, गल्लीतली तोंडं, या सगळ्याला. एका सहीत सुटका होती. आणि त्याच सहीत मोटरही जाणार होती, वडिलांनी दिलेली, कायमची, आणि तिला न विचारताच गेल्यासारखी. मला वाटलं, करेल ती सही.

“आधीं जेवत्ये,” ती म्हणाली. आणि उठून खरंच जेवली. ताकभात, लोणचं, सगळं. मग झोपली. सकाळी दौत परत काकांच्या मेजावर होती, बूच घट्ट लावलेली.

कोर्टात मी तिच्याबरोबर गेले. न्यायाधीश वयस्कर होते, कपाळावर ठसठशीत वैष्णव नाम. मावशी पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा कठड्यावरून फक्त तिच्या कुड्या चमकत होत्या. कोणीतरी पायाखाली पाट आणून ठेवला.

“ही मोटर तुमची?”

“माझी.”

“तुम्ही ती विकली होतीत?”

“नाही.”

“मग ती स्वामीनाथकडे कशी?”

“माझ्या यजमानांनी दिली. ते म्हणतात विकली. आपली नसलेली वस्तू विकता येते का, ते तुम्ही मोठी माणसं, तुम्हीच सांगा.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी काकांना बोलावलं. काका अंगावर जरीचं उपरणं घेऊन आले होते. ताठ उभे राहिले.

“मोटर कोणाची, रायर?”

“आमची.”

“कागदावर?”

काकांनी घसा खाकरला. “हिची.”

“मग विकण्याआधी यांना विचारलं होतंत?”

काका खरोखर गोंधळले. त्यांनी न्यायाधीशांकडे बघितलं, शेषाद्रींकडे बघितलं, आणि अगदी प्रामाणिकपणे उलट विचारलं, “बायकोला?”

कोर्ट असं हसलं की शिपायाला घंटा वाजवावी लागली. काकांना आपण काय विनोद केला ते कळेना. ते हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत राहिले. आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. माझा काकांवर राग होता, आहे. तरी त्या क्षणी मला त्यांची दया आली.

न्यायाधीश पुन्हा मावशीकडे वळले. “अम्मा, विकायची नव्हती तर तसं सांगायचं. विकायची होती तर सही द्यायची. इतके दिवस काय केलंत?”

मावशीने सगळं सांगितलं. राहुकाळ, शुक्रवार, अमावास्या, आडि, सुतक, पितृपक्ष. न्यायाधीश प्रत्येकाला मान डोलावत होते. त्यांच्याही घरी पंचांग असणार.

“आवणीत चांगले मुहूर्त होते,” ते म्हणाले. “सुतक दहा दिवसांचं. पुढे?”

मावशीने सरळ सांगून टाकलं. “मला विचारलं नव्हतं, साहेब. म्हणून नाही केली.”

टोपल्यांवर स्वामीनाथच्याच दुकानाचा शिक्का होता, त्यामुळे बाटल्या कोणाच्या हा वाद फार टिकला नाही. मोटर मालकिणीला परत द्यायचा हुकूम झाला. मावशीचा चेहरा उजळला. पण न्यायाधीशांचं संपलं नव्हतं.

“तुमच्या यजमानांची चूक मोठी,” ते म्हणाले. “पण तुमचीही लहान नाही. मोटर दुसऱ्याच्या हातात आणि नाव तुमचं, असं महिनोन्‌महिने चालवून घेतलंत. बाटल्यांच्या जागी त्याने एखादं माणूस चिरडलं असतं तर? ते दारात तुमच्या आलं असतं. विकायची तर आधी नाव बदला, मग किल्ली द्या. नसेल विकायची तर किल्ली देऊ नका. मधली वाट नाही. आणि हो, विम्याची मुदत आवणीतच संपली आहे. विमा नसलेली मोटर रस्त्यावर फिरली, त्याचा दंड मालकाला.”

काका लगबगीने खिशात हात घालू लागले. मावशीने त्यांना थांबवलं, कमरेची पिशवी सोडली आणि स्वतः दंड भरला. पावतीवरचं आपलं नाव तिने मला तीनदा वाचून दाखवलं. दंडाची पावती इतक्या कौतुकाने नेणारी बाई त्या कोर्टाने बघितली नसावी.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “फजिती झाली ना आपलीही?”

“झाली,” ती म्हणाली. “त्या माणसाचं खरं होतं. कोणी चाकाखालीं आलं असतं तर मी काय केलं असतं, पंकजा?” वाटेत ती एकदाही हसली नाही. घरी गेल्यावर पहिलं काम तिने विम्याचं केलं.

मोटर परत छपराखाली आली. बाटल्यांचा वास घालवायला आम्ही तिच्यात आठवडाभर कडुनिंबाचा पाला ठेवला. स्वामीनाथचे पैसे काकांना फेडावे लागले, आणि मूर्तिकाराने आधीच घेतलेल्या विसारापुरता एकटा कृष्ण ओतून दिला. राधा राहिली. मावशी म्हणाली, “तिलाही कोणी विचारलं नसेल.” काका ऐकून न ऐकल्यासारखं करून झांजा पुसत बसले. पण मी पाहिलं, कोर्टातल्या त्या हसण्यापासून ते काहीतरी मनात चघळत होते. जेवताना मावशीकडे बघायचे. काही बोलायला तोंड उघडायचे आणि भाताचा घास घालून बंद करायचे.

असे कितीतरी दिवस गेले. पोंगल होऊन गेला. एका सकाळी मावशी मागच्या पडवीत सुपात तांदूळ निवडत होती, मी वह्या तपासत होते. काका आले. काखेत पंचांग नव्हतं. उभेच राहिले. एकदा घसा खाकरला, दोनदा खाकरला.

“विशालाक्षी,” ते म्हणाले. “मोटर विकूंया म्हणतों. राधेसाठीं. नांव बदलून, नीट कागद करून. म्हणजे, तुझं काय म्हणणं?”

मावशीचे हात सुपात थांबले. तिने मान वर केली नाही. मला दिसलं, तांदळावर टपकन एक थेंब पडला, मग दुसरा. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी उगाच एका मुलीच्या वहीवर रेघ ओढली.

“काय म्हणालां?” मावशीने विचारलं. “परत म्हणा.”

“मोटर विकूंया कां?”

मावशीने पदराने डोळे पुसले. तिचा चेहरा इतका फुलला होता की काका आशेने एक पाऊल पुढे आले.

“नकों,” ती म्हणाली.

काका तिच्या समोर फतकल मारून बसले, सूप थोडं आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचू लागले.